एकोणिसाव्या कलमातलं कापलेलं वाक्य

त्याने तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य पूर्ण झालंच नाही. तिने ते मधूनच कापलं.

दुपारची वेळ. छापखान्याच्या मागच्या खोलीत, खिडकीला चिकटवलेल्या टेबलावर ती खोकल्याच्या औषधाच्या खोक्यावरचा मजकूर तपासत बसली होती. बारीक अक्षरं, त्यातून डोळे चुरचुरत होते, आणि फोन वाजला. अनोळखी नंबर.

"नमस्कार, वीज कंपनीतून बोलतोय. तुमच्या घरी श्वासाचं जे मशीन आहे ना, त्याची नोंद या महिन्यात—"

"आम्हाला काही घ्यायचं नाहीये."

"नाही नाही, मी काही विकत नाहीये. फक्त एवढंच सांगायचं होतं, की मुदत—"

"पुन्हा फोन करू नका," ती म्हणाली. फोन ठेवला आणि लगेच नंबर ब्लॉकही करून टाकला. समोरच्या टेबलावरच्या आप्पांनी, म्हणजे तिच्या थोरल्या मुद्रितशोधकांनी, चष्म्यावरून बघितलं. "कोण होतं गं?"

"असेल कोणीतरी मशीनवाला."

आवाज मात्र... बरा होता. जरा घोगरा, पडसं होऊन नुकतं बरं झालेल्या माणसासारखा. एवढंच तिच्या मनात आलं, आणि ती पुन्हा खोकल्याच्या औषधात शिरली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी सकाळी साडेदहाला, तिच्या गल्लीतली वीज देखभालीसाठी बंद झाली. घरात मावशी एकटी होती.

मावशीनेच तिला वाढवलं होतं. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती, आणि मावशीने एका हाताने तिची वेणी आणि दुसऱ्या हाताने नोकरी सांभाळली होती. आता मावशीची फुप्फुसं थकली होती. नाकाशी नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला उशाशी घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन. मशीनच्या पोटातली बॅटरी वीस मिनिटांची. कोपऱ्यात जादा सिलिंडर उभा होता, पण त्याची चावी मावशीच्या मनगटाला फिरत नव्हती. हे कोणाच्या लक्षात आलंच नव्हतं, कारण तशी वेळच आली नव्हती.

वीज गेली तसं खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंचं शिलाई मशीनही थांबलं. ते थांबलं म्हणूनच वरून येणारी टींटीं त्यांना ऐकू आली. वीज नसताना वर काय वाजतंय? काकू मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून जिना चढल्या, त्यांच्याकडे ठेवलेल्या जादा किल्लीने दार उघडलं, आणि दोन्ही हातांनी सिलिंडरची चावी फिरवली. मावशीचे ओठ तोवर निळे पडले होते.

दोन दिवस इस्पितळ. तिसऱ्या दिवशी मावशी घरी आली, आणि सोमवारी भाची वीज कंपनीच्या दारात उभी राहिली. बाहेर भुरभुर पाऊस होता, हातातली छत्री ठिबकत होती, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

खिडकी क्रमांक सहा. 'करार व अटी'. काचेच्या अर्धगोल भोकाच्या पलीकडे तिशीतला एक माणूस कागद मोजत होता. अंगठ्यावर रबरी टोपी.

"तुमच्या कंपनीने गुरुवारी माझ्या मावशीचा जीव घेतला असता," ती म्हणाली.

कागद मोजणारा अंगठा थांबला. त्याने वर बघितलं... जरा जास्तच वेळ बघितलं. मग अंगठ्यावरची टोपी काढून बाजूला ठेवली, जेवायला बसताना माणूस हात मोकळे करतो तशी.

"बसा ना."

"बसायला आलेले नाही."

"ठीक आहे. खुर्ची तशीही मोडकी आहे."

तो घोगरा आवाज. कुठेतरी ऐकल्यासारखा. पण रागात माणसाला दुसऱ्याचा आवाज कुठे नीट ऐकू येतो? तिने सगळं सांगितलं. वीस मिनिटांची बॅटरी, निळे ओठ, काकूंच्या गळ्यातली टेप. "गेल्या वर्षी मी स्वतः नोंद केली होती. बंद करायच्या दोन दिवस आधी फोन येईल असं सांगितलं होतं तुम्ही लोकांनी. मग फोन का नाही आला?"

तो संगणकाकडे न बघताच बोलला. "कलम एकोणीस. ज्या घरात वैद्यकीय उपकरणावर अवलंबून असलेली व्यक्ती आहे, त्या ग्राहकाने तशी नोंद करावी. नोंद असलेल्या घराचा पुरवठा बंद करण्यापूर्वी कंपनी दोन दिवस आधी संपर्क साधेल. नोंदीची मुदत बारा महिने राहील."

"पाढे म्हणताय?"

"तुमची मुदत गेल्या महिन्यात संपली."

"आणि ती संपतेय हे सांगायचं कोणी?"

त्याने समोरचे कागद उगाच एकसारखे केले.

"म्हणजे यादीतून नाव काढणार तुम्ही, पण काढलं हे सांगणार नाही. आजारी माणसाने श्वास घेता घेता तारखाही लक्षात ठेवायच्या."

"अटींप्रमाणे... हो."

"तुम्हाला हे बरोबर वाटतं?"

"नाही," तो म्हणाला.

इतकं सरळ, की तिने जुळवून आणलेली पुढची चार वाक्यं बिनकामाची झाली. भांडायला कंबर कसून आलेल्या माणसाला समोरच्याने 'नाही' म्हणणं यासारखा दुसरा अपमान नाही. ती आणखीच भडकली. "मग तिथे बसलाय कशाला?"

"तुमचा अर्ज भरायला," तो म्हणाला, आणि खरंच नवा अर्ज काढून भरायला लागला. मावशीचं नाव, पत्ता, डॉक्टरांचा दाखला. "फोन नंबर सांगा."

ती सांगत गेली. शेवटचे तीन आकडे त्याने तिने सांगायच्या आधीच लिहिले. तिने ते बघितलं, पण असेल समोर संगणकावर, म्हणून सोडून दिलं. जाताना त्याने काचेच्या भोकातून एक पुस्तिका सरकवली. 'वीजपुरवठा करार : अटी व शर्ती'.

"यावेळी वाचा," तो म्हणाला.

"मला शिकवू नका," ती म्हणाली.

बसमध्ये बसल्यावर तिने पुस्तिका उलटली, आणि मागच्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, तिच्याच छापखान्याचं नाव होतं.

ही पुस्तिका तिने वाचली होती. वाचली म्हणजे, तपासली होती. अशा रटाळ मजकुराची छापखान्यात एक रीत होती, शेवटच्या शब्दापासून सुरुवात करून उलटं वाचत जायचं. अर्थ लागला की डोळा घसरतो आणि चूक निसटते, म्हणून अर्थ लागूच द्यायचा नाही. एकेचाळीस कलमं तिने शेवटाकडून सुरुवातीकडे वाचली होती. एकही चूक सुटली नव्हती. आप्पांनी पाठ थोपटली होती. आणि एकेचाळीसपैकी एकाही कलमात काय म्हटलंय, हे तिला ठाऊक नव्हतं.

हे तिने कोणालाही सांगितलं नाही. मावशीलाही नाही.

नोंद पक्की व्हायला घरी येऊन मशीन बघण्याची अट होती. शनिवारी बेल वाजली, आणि दारात खिडकी क्रमांक सहा उभी. काच नसली की तो जरा उंच दिसत होता.

"हा का तो?" मावशीने पलंगावरून विचारलं. "चार दिवस जेवताना ज्याला शिव्या देतेयस तो?"

"मावशी."

"चांगला दिसतो की. मला वाटलं शिंगं असतील."

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने मशीनचा नंबर लिहून घेतला, वायर हाताने चाचपून बघितली, प्लग भिंतीत सैल होता तो घट्ट बसवला. मग कोपऱ्यातल्या सिलिंडरपाशी गेला. "मावशी, ही चावी फिरवून दाखवा बघू."

मावशीने प्रयत्न केला. मनगट थरथरलं, चावी हलली नाही. त्याने खिशातून दोरा काढला, चावीच्या तोंडाचं माप घेतलं आणि दोऱ्याला गाठ मारली.

"हे पण अटींमध्ये आहे?" तिने विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. मी अटींच्या बाहेरही थोडा राहतो," तो म्हणाला, "शनिवार-रविवार."

तिला हसू येत होतं. तिने ते मोठ्या निग्रहाने दाबलं, कारण राग अजून संपायचा होता. तो शिळा करून चालणार नव्हता.

पुढच्या शनिवारी तो लोहाराकडून करून घेतलेली चावी घेऊन आला. लांब दांड्याची. मावशीने एका बोटाने दांडा दाबला आणि सिलिंडर फुस्स करून सुरू झाला. मावशीने तीनदा उघडला, तीनदा बंद केला, लहान मूल दिव्याचं बटण दाबतं तसा. मग त्याचा हात हातात घेऊन नुसती बसून राहिली. भाची चहा टाकायच्या निमित्ताने आत गेली, आणि गॅस न पेटवताच बराच वेळ ओट्याशी उभी राहिली.

तेव्हापासून मावशीने त्याचं नाव 'एकोणीस' ठेवलं. "एकोणीस येणार आहे का आज? मग केस नीट बांध. तुझ्या रागाला मोकळे केस शोभत नाहीत, वेडसर दिसतेस."

"तो माझ्यासाठी येत नाही."

"बरं. मग माझ्यासाठी येत असेल. मी बांधते केस."

असं सगळं गोड चाललेलं असताना छापखान्यात जुने गठ्ठे आवरायची वेळ आली, आणि तिने स्वतःहून वीज कंपनीचा गठ्ठा मागून घेतला. पुस्तिकेचं पहिलं प्रूफ. कलम एकोणीस. 'नोंदीची मुदत बारा महिने राहील.' आणि त्यापुढे, आता पुस्तिकेत नसलेलं एक वाक्य : 'मुदत संपण्यापूर्वी एक महिना कंपनी ग्राहकाला तसे कळवील.' त्यावर कंपनीने मारलेली लाल रेघ. समासात 'वगळा'. आणि त्या शब्दाशेजारी निळ्या शाईची टिकलीएवढी बरोबरची खूण. म्हणजे 'वगळलं, तपासलं.'

ती खूण तिची होती.

जेवणाच्या सुट्टीत ती ठिबकती छत्री घेऊन वीज कंपनीत पोचली. खिडकी सहावर 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी होती, पण पलीकडे तो बसलेला होता. डबा उघडाच, आणि तो फोनवर बोलत होता. "नाही काका, विकत नाहीये मी काही. फक्त एवढंच सांगायचं होतं, की मुदत..."

ती जागच्या जागी खिळली.

त्याच्यासमोर एक रेघांची वही उघडी होती. नावं, नंबर, तारखा. तिच्या बाजूने सगळं उलटं दिसत होतं, पण उलटं वाचणं हा तर तिचा धंदाच. तिसऱ्या ओळीत मावशीचं नाव होतं. पुढे तिचा नंबर. त्यापुढे बारीक अक्षरात : 'उचलला. ऐकून घेतलं नाही. नंतर लागत नाही.'

त्याने फोन ठेवला, वर बघितलं, आणि तिच्या नजरेचा माग काढत वहीवर हात ठेवला. उशीर झाला होता.

"तुम्ही होतात तो," ती म्हणाली.

"मॅडम—"

"पहिल्या दिवशीच ओळखलंत मला. आवाजावरून. मी इथे उभी राहून तुमच्या नावाने खडे फोडत होते आणि तुम्ही... 'खुर्ची मोडकी आहे' म्हणालात. 'मी फोन केला होता, तुम्हीच कापलात', एवढं एक वाक्य बोलायला काय झालं होतं?"

"बोलून काय झालं असतं?"

"मी गप्प बसले असते."

"म्हणूनच नाही बोललो," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता. "तुम्ही गप्प बसायलाच नको होतात. तो फोन मी माझ्या जेवणाच्या सुट्टीत, माझ्या फोनवरून केला होता. कंपनीने केलेला नव्हता. एका बाईने कामाच्या गडबडीत एक फोन कापला म्हणून दुसऱ्या बाईचा श्वास थांबतो, असा करार असतो का कुठे? मुदत संपायच्या आधी कळवायचं वाक्य अटींत होतं. मी लिहिलेलं. खूप कळवावं लागेल, माणसं लागतील, म्हणून काढलं. तेव्हापासून ही वही. चूक तुमची नाहीये."

तिने पर्समधून प्रूफ काढलं आणि काचेच्या भोकातून आत सरकवलं.

त्याने ते वाक्य बघितलं. स्वतःचं हरवलेलं माणूस बघावं तसं. मग लाल रेघ. मग निळी खूण.

"ही कोणाची?"

ती खोटं बोलू शकली असती. "माझी," ती म्हणाली. "तुमचं एकच वाक्य मी दोनदा कापलंय. एकदा कागदावर, एकदा फोनवर. दोन्ही वेळा न वाचता, न ऐकता. आता म्हणा, चूक माझी नाहीये."

त्याने प्रूफ भोकातून तिच्याकडे परत सरकवलं. मग अगदी हळू म्हणाला, "चूक... थोडी आहे."

"थोडी?"

"माझीही आहे. दुसऱ्या नंबरवरून फोन करायला हवा होता मी. घरी यायला हवं होतं. तुम्ही 'पुन्हा फोन करू नका' म्हणालात, आणि मी अट पाळल्यासारखी पाळली."

"मला माफबिफ करू नका," ती म्हणाली. तिचा आवाज फुटत होता, आणि तो फुटतोय याचाही तिला राग येत होता. "आधी गप्प राहून माफ केलंत, तेव्हा मला विचारलं होतंत? माझा राग माझा होता. मला कोणावर चिडायचं ते मला कळायला हवं होतं."

ती गेली. छत्री तिथेच राहिली, मोडक्या खुर्चीवर.

दोन शनिवार तो आला नाही. मावशीने दोन्ही शनिवारी केस बांधले होते.

"भांडण झालं?"

"झालं."

"जिंकलीस?"

"माहीत नाही."

"मग ते संपलेलं नाही," मावशी म्हणाली. नळीमुळे ती दम घेत थोडं थोडं बोलायची, त्यामुळे तिचे शब्द वजनदार असत. "रागव. पण माणूस बघून. तो गुरुवार त्याने आणला नव्हता."

सोमवारी छापखान्यात वीज कंपनीच्या करारपत्राच्या नव्या आवृत्तीचा मसुदा आला. आप्पांनी तो नेहमीसारखा तिच्या टेबलावर टाकला. तिने तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, सुलटा, ओठ हलवत वाचला. कलम एकोणीसमध्ये ते वाक्य नव्हतंच. क्षणभर हात शिवशिवला. एक ओळ. आपणच घातली तर कोणाला कळणार?

पण चोरून घातलेली ओळ पहिल्याच भांडणात गळून पडली असती. तिने पुढे वाचलं. आणि चाळिसाव्या कलमात, उलटं वाचणाऱ्याला जे जन्मात दिसलं नसतं, ते तिला दिसलं : अटींतील बदल लागू होण्यापूर्वीच्या तीस दिवसांत कोणताही ग्राहक लेखी हरकत घेऊ शकेल.

तिने हरकत लिहिली. चार पानी. गुरुवार लिहिला, वीस मिनिटं लिहिली, प्रूफची नक्कल जोडली, आणि स्वतःची निळी खूणही लपवली नाही. शिवणवाल्या काकूंनी सही केली, आप्पांनी केली, मावशीनेही केली. मग ती खिडकी सहापाशी गेली.

"हरकत दाखल करायचीय."

त्याने चारही पानं वाचली. अंगठ्यावर टोपी न घालता. "फार रागाने लिहिलंय."

"रागच आहे."

"एकही चूक नाहीये."

"सुलटं वाचून लिहिलंय." ती थांबली. "तुम्हाला सही करता येणार नाही ना... नोकरीत आहात."

त्याने टेबलाखालून तिची छत्री काढली. वाळवून, घडी घालून, पट्टा लावून ठेवलेली. मग पेन उघडलं. "माझ्या घरीही दिवा लागतो की. मीही ग्राहकच आहे." आणि त्याने सही केली. सहीखाली स्वतःचा ग्राहक क्रमांकही लिहिला. आपण काय करतोय हे त्याला पुरतं ठाऊक होतं, आणि ते तिलाही दिसलं.

"नोकरीवर आलं तर?"

"तर रोज शनिवार."

यावेळी हसू दाबायचं ती विसरली. मग एकदम, काचेच्या भोकाकडे वाकून म्हणाली, "पुन्हा फोन करा."

"हं?"

"मी म्हटलं होतं ना, पुन्हा फोन करू नका. ती अट मी बदलतेय. हरकत असेल तर लेखी द्या."

दुसऱ्या दिवशी, दुपारी, खिडकीला चिकटवलेल्या त्याच टेबलावर फोन वाजला.

"नमस्कार, वीज कंपनीतून बोलतोय," घोगरा आवाज म्हणाला. "दोन मिनिटं आहेत?"

"आहेत."

"कापणार नाही?"

"बोला तर."

"तुमच्या मावशींच्या नोंदीची मुदत पुढच्या वर्षी संपतेय. एक महिना आधी कळवीन. त्याच्या पुढच्या वर्षीही कळवीन. मला असं सुचवायचं होतं, की दर वर्षी फोन करण्यापेक्षा... मी घरातच असलो, तर..."

समोरच्या टेबलावर आप्पांचं पेन थांबलं होतं. खिडकीवरून पाण्याचा एक थेंब वाकडातिकडा खाली उतरत होता. तिने वाक्य कापलं नाही. ते पूर्ण व्हायला त्याला बराच वेळ लागला, तेवढा वेळ ती ऐकत राहिली.

"मंजूर," ती म्हणाली. "वाचून, समजून."

कंपनीचं उत्तर दोन ओळींचं आलं : 'आपली हरकत प्राप्त झाली. विषय विचाराधीन आहे.' विषय अजून विचाराधीनच आहे. त्याला खिडकी सहावरून उठवून तळघरातल्या जुन्या फायलींपाशी बसवलंय. ती अजून चिडलेली आहे, दर महिन्याला स्मरणपत्र पाठवते, आणि तो ते टपालात टाकून येतो. जेवणाच्या सुट्टीत वहीतल्या अर्ध्या पानांचे फोन तो लावतो, अर्ध्यांचे ती. पुष्कळदा पलीकडून कोणीतरी म्हणतं, आम्हाला काही घ्यायचं नाही. तेव्हा ती अजिबात रागावत नाही. दुसऱ्या नंबरवरून फोन करते, आणि तोही लागला नाही तर दोघं मिळून जिना चढतात.

पण त्या वहीत जेवढी नावं आहेत तेवढ्याच घरी त्यांना जाता येतं. तुमच्या वरच्या मजल्यावरून दिवसभर एक बारीक घरघर ऐकू येत असेल, तर ते घर कदाचित त्यांच्या वहीत नसेल. आज वर जा. बेल वाजवा. नोंद कधी संपतेय ते विचारा, आणि सिलिंडरची चावी त्यांच्या हाताने फिरतेय का, तेवढं एकदा समोर उभं राहून बघा.